शरीराच्या काटकसरीची किंमत

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी दर माणशी दररोज २,२५० उष्मांक पुरविणारा आहार ही किमान गरज धरली होती. ज्या कुटुंबाचा खर्च एवढ्या आहारासही अपुरा पडतो ते कुटुंब दरिद्री, असा तो सरळ हिशेब होता. या हिशेबावर सर्वांत गंभीर आक्षेप आला तोही पुण्यातूनच. जागतिक अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून दीर्घकाळ काम करून परतलेले पां. वा. सुखात्मे यांनी असा प्रश्न उपस्थित केला, की माणसाची गरज एका ठरावीक आकड्यात सांगता येते काय? माणसाचे शरीर म्हणजे मोजून कोळसा मागणारे इंजिन नव्हे. कमी मिळाले तर ते कमी खर्चात काम भागवते. मग सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक माणूस उपाशीच आहे, असे कशावरून म्हणावयाचे?

वाद अर्थशास्त्राचा होता, परंतु त्याचे उत्तर शरीरशास्त्राकडे होते. या वादाला आता चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे. दांडेकर आणि सुखात्मे दोघेही हयात नाहीत. नियोजन आयोगाच्या कृतिगटाने १९७९ मध्ये ठरविलेले ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरी भागासाठी २,१०० उष्मांकांचे मापही मागे पडले. तेंडुलकर समितीने २००९ मध्ये दारिद्र्यरेषेचा उष्मांकांशी असलेला थेट संबंध तोडला. तथापि मूळचा युक्तिवाद अधूनमधून नव्या रूपात डोके वर काढतोच. भारतात, विशेषतः ग्रामीण भागात, दर माणशी उष्मांकसेवन सुमारे पाव शतक घटत आल्याचे अँगस डीटन आणि जाँ द्रेज यांनी २००९ मध्ये दाखविले. कष्ट हलके झाल्याने आणि आजार कमी झाल्याने गरजच घटली असावी, ही शक्यता त्यांनी सावधपणे मांडली होती. पण असे आकडे पुढे आले, की ‘लोक कमी खातात, तरी जगतात, म्हणजे गरज तेवढीच असली पाहिजे’ हे अनुमान काढण्याचा मोह अनेकांना होतो. अंगणवाडीच्या शिध्याचा दर ठरविताना हाच विचार न बोलता केला जातो. म्हणूनच शरीर जुळवून घेते म्हणजे नेमके काय करते, हे पाहणे केवळ ज्ञानापुरते राहत नाही.

मेंदूचा हप्ता

स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाचेही शरीर अखंड खर्च करीत असते. बहुतेक प्रौढांच्या बाबतीत दिवसभराच्या एकूण खर्चापैकी अर्ध्याहून अधिक वाटा या विश्रांतीच्या खर्चाचाच असतो. हृदय, यकृत, मूत्रपिंडे आणि मेंदू या अवयवांचे वजन शरीराच्या वजनाच्या पाच-सहा टक्क्यांपलीकडे जात नाही. परंतु विश्रांतीच्या खर्चाचा निम्म्याहून मोठा भाग त्यांच्याकडे जातो. यात एकटा मेंदू पाहिला तर चित्र अधिकच बोलके आहे. त्याचे वजन सुमारे १.४ किलो, म्हणजे देहाच्या दोन टक्के. त्याचा खर्च मात्र विश्रांतीच्या खर्चाच्या वीस टक्के. दिवसाला सुमारे तीनशे उष्मांक. आपल्याकडच्या हिशेबात सांगावयाचे तर नव्वदएक ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक मोठी भाकरी रोज एकटा मेंदू खातो.

हा खर्च कशावर होतो? विचार करताना तो फार वाढतो, अशी एक समजूत आहे. वस्तुतः कठीण गणित सोडविणाऱ्याच्या आणि खिडकीबाहेर पाहत बसलेल्याच्या मेंदूच्या एकूण खर्चात फरक अगदी थोडा असतो. मेंदूतील कोट्यवधी पेशींना आपल्या आवरणाच्या आत आणि बाहेर सोडियम व पोटॅशियम यांचे ठरावीक प्रमाण राखावे लागते. प्रत्येक संदेशासरशी ते विसकटते आणि पुन्हा पूर्ववत करावे लागते. हे काम झोपेतही थांबत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा स्थिर खर्च आहे. गिरणीत माल निघो वा न निघो, घरभाडे आणि रखवालदाराचा पगार द्यावाच लागतो, तसा. शिवाय मेंदूला साठवण करण्याची सोय जवळजवळ नाही. रक्तातून येणाऱ्या ग्लुकोजवर त्याचे क्षणोक्षणी चालते. उपास लांबला तर यकृत चरबीपासून दुसरे इंधन तयार करते आणि मेंदू त्यावर बराच निभावतो. परंतु त्याचा हप्ता माफ होत नाही, चलन तेवढे बदलते.

घरात उत्पन्न घटले आणि एक हप्ता टाळता येण्यासारखा नसला, तर बाकीच्या खर्चांना कात्री लागते. शरीरही तसेच करते. सुखात्मे यांच्या म्हणण्यातील सत्याचा भाग असा, की ही कात्री खरोखरच आहे आणि ती बरीच धारदार आहे. टांझानियातील हाडझा हे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक रोज मैलोन्‌मैल चालतात. हर्मन पाँट्झर यांनी २०१२ मध्ये त्यांचा दैनंदिन ऊर्जाखर्च मोजला, तेव्हा शरीराच्या आकारमानाचा विचार करता तो खुर्चीत बसून काम करणाऱ्या पाश्चात्त्यांच्या खर्चाएवढाच भरला. याचा अर्थ चालण्यावर झालेला जादा खर्च शरीराने दुसरीकडे कोठेतरी वळता करून घेतला होता. शरीर जुळवून घेते, यात शंका नाही. प्रश्न आहे तो एवढाच, की कात्री नेमकी कोठे लागते आणि कापलेले पुन्हा भरून निघते की नाही.

प्राण्यांची काटकसर

निसर्गात या काटकसरीचे नमुने विपुल आहेत. पाण्यावाचून राहिलेला उंट आपल्या देहाचे तापमान पहाटे सुमारे ३४ अंशांपर्यंत उतरू देतो आणि दुपारी ४० अंशांपलीकडे चढू देतो. माणसाला हा ताप ठरेल. उंटाचा मात्र तेवढा घाम वाचतो. हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्याचा खर्च इतका मोठा, की रात्रभर त्याच वेगाने जगला तर सकाळपर्यंत शिल्लक उरावयाची नाही. म्हणून अनेक रात्री तो देह थंड होऊ देऊन जवळजवळ बधिर होऊन राहतो. गालापागोस बेटांवरील सागरी इग्वाना हा सरडा समुद्रशेवाळावर जगतो. एल निनोच्या वर्षांत शेवाळ दुर्मीळ झाले की त्याच्या देहाची लांबीच घटते. ही घट वीस टक्क्यांपर्यंत जात असल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. चांगले दिवस आले की तो पुन्हा वाढतो.

सर्वांत नवलाचे उदाहरण चिचुंद्रीच्या एका लहान युरोपीय जातीचे आहे. ऑगस्ट डेनेल या पोलिश प्राणिशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये दाखवून दिले, की हिवाळ्याच्या तोंडावर या प्राण्याची कवटी बसकी होते आणि वसंतात पुन्हा उंच होते. कवटीबरोबर आतला मेंदूही आक्रसतो. हिवाळ्यात किडे मिळत नाहीत; तेव्हा सर्वांत खर्चिक अवयवच लहान करून हा जीव दिवस काढतो. मात्र तेथेही ही बचत फुकट पडत नसावी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हिवाळ्यातील, लहान मेंदूच्या चिचुंद्र्या अन्नाची वाट शोधण्याच्या कामात मागे पडलेल्या दिसल्या.

या सर्व उदाहरणांना दोन अटी समान आहेत. पहिली अशी, की ही काटकसर मुदतीची आहे. रात्र, ऋतू किंवा एखादे वाईट वर्ष, एवढीच तिची मुदत. दुसरी अशी, की पिढ्यान्‌पिढ्यांच्या उत्क्रांतीने त्या जीवाला परतीची वाटही दिलेली आहे. उंटाचे तापमान संध्याकाळी उतरते, इग्वाना शेवाळ वाढताच वाढतो, चिचुंद्रीची कवटी वसंतात उंच होते. प्राणी जुळवून घेतात, मग दरिद्री माणसाने का घेऊ नये, असे म्हणणाऱ्याने या दोन्ही अटी पुऱ्या होतात का, हे आधी तपासले पाहिजे.

उपासाचा प्रयोग

माणसाच्या बाबतीत याचे उत्तर देणारा एक प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत झाला. युद्धात शस्त्र धरण्यास विवेकबुद्धीने नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांनी मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांच्या देखरेखीखाली स्वेच्छेने अर्धपोटी राहणे पत्करले. युरोपातील भुकेल्या जनतेला पुन्हा कसे सावरावे, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,५७० उष्मांकांचा आहार मिळाला. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. विश्रांतीचा खर्च तर जवळजवळ चाळीस टक्क्यांनी उतरला. म्हणजे वजन घटल्याने जेवढी बचत व्हावयास हवी होती तीहून शरीराने अधिक बचत केली. ‘शरीर जुळवून घेते’ या विधानाचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मिळणे कठीण.

आता या बचतीचा तपशील पाहावा. नाडी मंदावली. हातापायांतील बळ गेले. उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. जिने चढणे नकोसे झाले. ज्यांना वाचन, वादविवाद, संगीत यांची आवड होती, त्यांचे मन कशातच रमेना. दिवसभर अन्नाचाच विचार. पाककृतींची पुस्तके वाचण्याचा छंद काहींना जडला. चिडचिड आणि औदासीन्य वाढले. विशेष असे, की बुद्धिमापनाच्या कसोट्यांत त्यांची घसरण दिसली नाही. मेंदूने आपला हप्ता वसूल केला होता. गेले ते मन लावून काही करण्याचे सामर्थ्य.

हा प्रयोग सहा महिन्यांचा होता, माणसे तरुण होती, पूर्वी पोटभर खाल्लेली होती आणि नंतर पोटभर खाणार होती. तरीही पूर्ववत होण्यास त्यांना बराच काळ लागला. शेतमजुराचा संथपणा किंवा मागच्या बाकावरील मुलाचे दुर्लक्ष पाहून त्याला आळस हे नाव देणाऱ्यांनी या प्रयोगाची आठवण ठेवावी. आळस म्हणून जे दिसते ते पुष्कळदा शरीराने केलेले अंदाजपत्रक असते.

वाढत्या देहावरील कात्री

प्रौढाची गोष्ट ही अशी. मुलाची याहून गंभीर आहे, कारण त्याला नुसते जगावयाचे नसून वाढावयाचे असते. क्रिस्टोफर कुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बालमेंदूच्या खर्चाचा हिशेब मांडला. सुमारे पाचव्या वर्षी मुलाच्या दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी ४३ टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. विश्रांतीच्या खर्चाशी तुलना केली तर हा वाटा दोनतृतीयांश भरतो. आणि ज्या वयात मेंदूचा खर्च कळसाला पोहोचतो त्याच सुमारास देहाची वाढ सर्वांत संथ झालेली असते. माणसाचे मूल इतर प्राण्यांच्या पिलांप्रमाणे झपाट्याने का वाढत नाही, याचे उत्तर या ताळेबंदात आहे. पोटभर खाणाऱ्या मुलाच्याही घरात मेंदू आणि देह यांची ओढाताण असतेच. अन्नच कमी पडले तर पहिली कात्री कोठे लागणार, हे सांगावयास नको. उंची खुंटते, स्नायू भरत नाहीत, खेळणे कमी होते. तुटवडा फार झाला, किंवा फार लवकर आला, तर मेंदूही सुटत नाही.

ही वाटणी जन्मापूर्वीच सुरू होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागात भीषण उपासमार झाली. शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्याही खाली गेला. त्या काळात गर्भात असलेली मुले एकोणीस वर्षांची होऊन सैन्यभरतीसाठी आली तेव्हा त्यांच्या बुद्धीत उणेपणा आढळला नाही, असे १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. जुळवून घेण्याच्या सिद्धांताचा हा विजय वाटला असता. परंतु तीच पिढी पन्नाशीला पोहोचल्यावर तिच्या रक्तातील साखर शरीराला नीट आवरता येत नाही, असे १९९८ मध्ये दिसून आले. गर्भाने कर्ज काढले होते; त्याची मागणी अर्ध्या शतकाने आली.

नेदरलँड्समधील दुष्काळ काही महिन्यांत संपला. आपल्याकडील तुटवडा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. पण तूट सर्वत्र सारखी नव्हती. पोटाचा घेर आणि दंडाचे स्नायू यांत ती सर्वांत अधिक होती, डोक्यात त्यामानाने कमी, आणि कातडीखालची चरबी बरीचशी राखलेली होती. दिसावयास कृश, पण आत चरबी सांभाळून ठेवलेले हे भारतीय मूल २००३ मध्ये वैद्यकीय वाङ्मयात आले. अशा देहाला पुढे शहरातील बैठे जीवन आणि भरपूर अन्न मिळाले, की मधुमेहाची वाट सोपी होते. ज्या देशात उपासमार आणि मधुमेह हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी उभे आहेत, त्या देशाने या दोहोंचे नाते समजून घेतले पाहिजे. दोन्ही एकाच खातेवहीच्या दोन पानांवर लिहिलेले आहेत.

‘लहान पण निरोगी’

सुखात्मे यांच्या विचाराला अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी १९८० च्या सुमारास एक आकर्षक घोषवाक्य जोडले: ‘लहान पण निरोगी’. सौम्य आणि मध्यम कुपोषित म्हणून गणली जाणारी बहुतांश मुले केवळ चणीने लहान आहेत. लहान देहाला अन्न कमी लागते. म्हणून यात बिघडले काय, असा त्यांचा सवाल होता. आहारशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी याला कडाडून विरोध केला. ज्या परिस्थितीने मूल खुजे केले त्या परिस्थितीचा शिक्का केवळ उंचीवर उमटतो, असे मानण्यास आधार नाही, असे त्यांच्या विरोधाचे सार होते.

वाद तात्त्विक राहिला असता तर मिटला नसता. पण पुढील पुराव्याने पारडे एका बाजूला झुकविले. ग्वाटेमालातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन खेड्यांतील मुलांना प्रथिनयुक्त पेज देण्यात आली, तर उरलेल्या दोन खेड्यांत प्रथिने नसलेले, कमी उष्मांकांचे गोड पेय. ही मुले मोठी होऊन कामाला लागल्यावर जॉन हॉडिनॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा माग काढला. त्यांचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत पौष्टिक पेज मिळालेल्या पुरुषांची ताशी मजुरी सरासरीने ४६ टक्क्यांनी अधिक होती. तीन वर्षांच्या वयानंतर ज्यांना ती मिळाली, त्यांच्या मजुरीत असा फरक दिसला नाही. स्त्रियांच्या मजुरीतही तो दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. तरीही एका वाटीभर पेजेचा परिणाम तीस वर्षांनंतरच्या मजुरीवर उमटावा, असा परतावा देणारी गुंतवणूक अर्थशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच सापडेल.

प्रौढांतही तेच. इंडोनेशियातील रबराच्या मळ्यांवरील मजुरांचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तक्षय नसलेले मजूर रक्तक्षय असलेल्यांपेक्षा जवळजवळ एकपंचमांश अधिक चीक गोळा करीत, आणि लोहाच्या गोळ्या मिळताच मागे पडलेल्यांचेही काम सुधारले. मजूर जुळवून घेत होता ते उत्पादन कमी करून. त्याची किंमत त्याने भरली आणि मळ्यानेही भरली.

गिरणीचा मालक यंत्रांची दुरुस्ती थांबवितो आणि घसारा हिशेबात धरत नाही, तेव्हा काही वर्षे वहीत नफा दिसतो. त्या नफ्याला कोणताही जाणता हिशेबनीस नफा म्हणणार नाही. ‘लहान पण निरोगी’ या घोषणेत नेमकी हीच चूक आहे. आजचा खर्च वाचला एवढेच तिने पाहिले. भांडवल झिजले हे पाहिले नाही. बियाणे दळून खाणाऱ्या शेतकऱ्याचेही पोट त्या रात्री भरतेच.

सुखात्मे यांचा बरोबर भाग

असे असले तरी सुखात्मे यांना बाजूला सारून मोकळे होणे न्यायाचे नाही. अन्नाबरोबरच स्वच्छ पाणी आणि स्वच्छ परिसर यांवर ते सतत भर देत, आणि त्याची आठवण त्यांचे विरोधकही फारशी ठेवत नाहीत. वारंवार हगवण होणाऱ्या मुलाच्या पोटात अन्न गेले तरी अंगी लागत नाही. ताप आला की प्रत्येक अंशागणिक शरीराचा खर्च वाढतो. आतड्याचे अस्तर सततच्या संसर्गाने झिजले की शोषण मंदावते. अशा मुलाचे ताट भरून भागत नाही. नळाला शुद्ध पाणी हवे आणि गटार झाकलेले हवे. उष्मांकांच्या आकड्याभोवती फिरणाऱ्या धोरणाला हा इशारा आजही लागू आहे.

केवळ उष्मांकांनी भागत नाही, याचा दुसरा पुरावा आयोडीनचा आहे. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. साऱ्या आयुष्याची गरज चहाच्या एका चमच्यात मावेल. परंतु गरोदरपणी ते न मिळाले तर कंठग्रंथी पुरेसे काम करीत नाही आणि गर्भाच्या मेंदूची जडणघडण बिघडते. ही हानी पुढे भरून निघत नाही. येथे शरीराला जुळवून घेण्यास मोठा वावच नाही. गळ्याची गाठ वाढवून ते थोडे आयोडीन अधिक पकडू पाहते, इतकेच. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग करून गलगंड हटतो हे सिद्ध केले. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तरीही धोरण डळमळत राहिले: साध्या मिठाच्या विक्रीवर १९९८ मध्ये देशभर बंदी आली, २००० मध्ये केंद्राने ती उठविली आणि २००६ पासून ती पुन्हा लागू झाली. मधल्या वर्षांत गर्भात असलेल्या मुलांना थांबण्याची सवलत नव्हती.

धोरणाचा हिशेब

आता आजच्या स्थितीकडे पाहावे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. महाराष्ट्रासारख्या पुढारलेल्या राज्यात हे प्रमाण ३५.२ टक्के आहे, म्हणजे देशाच्या सरासरीहून नाममात्र कमी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना महाराष्ट्रात रक्तक्षय आहे. ही मुले जगत आहेत, शाळेत येत आहेत, त्यांतील कित्येक परीक्षाही उत्तीर्ण होतील. ती जुळवून घेत आहेत. पण कशाच्या मोबदल्यात, याचा जमाखर्च कोणत्याही अंदाजपत्रकात मांडला जात नाही.

अंगणवाडीतील सर्वसाधारण बालकाच्या पूरक आहारासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये दिवसाला ८ रुपये हा दर ठरविला. या रकमेत ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने द्यावयाची, अशी अपेक्षा. त्यानंतर डाळी आणि तेलाचे भाव कोठे गेले, हे घर चालविणाऱ्यांना सांगावयास नको. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबविण्यात आला. आठवड्याच्या एका अंड्याने कोणाचे नशीब पालटत नाही हे खरे. परंतु काटकसर करावयाची वेळ आली की पहिला हात कोठे जातो, हे त्यावरून दिसते. शासनाचे अंदाजपत्रक आणि उपाशी देह यांत येथे विलक्षण साम्य आहे. दोघेही आज दिसणारा खर्च टिकवितात आणि उद्याची वाढ कापतात. देहाला दुसरा पर्याय नसतो. शासनाला असतो.

तो पर्याय कोणता, हे शरीरशास्त्राने पुरेसे स्पष्ट केले आहे. पैसा आधी गर्भवती स्त्री आणि तीन वर्षांखालील मूल यांच्याकडे गेला पाहिजे, कारण तेथे झालेली तूट पुढे भरून निघणे सर्वांत कठीण असते. आज ज्यांची पोटे डोळ्यांपुढे असतात ती शाळेतील मुले अनुदानाच्या नजरेत येतात. घरात असलेले वर्षा-दीडवर्षाचे मूल मात्र शिध्याच्या पाकिटावर सोपविले जाते, आणि ते पाकीट सबंध घराचे होते. आदिवासी भागात गर्भवती आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना महाराष्ट्राने सुरू केली, ती योग्य दिशेची होती. तिचे क्षेत्र वाढविण्यास आणि दर महागाईशी जोडण्यास कोणत्याही नव्या संशोधनाची वाट पाहावयास नको. शिध्याबरोबर लोह, आयोडीन, शुद्ध पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था यांचा एकत्र विचार व्हावा, ही सुखात्मे यांचीच शिकवण आहे. आणि योजनेचे यश वाटलेल्या पाकिटांच्या संख्येवर न मोजता मुलांच्या उंचीवर आणि रक्तावर मोजावे, एवढे तरी दांडेकर आणि सुखात्मे या दोघांच्या वारसदारांना मान्य व्हावे.

माणूस थोडक्यात भागवितो, हा त्याच्या देहाचा गुण आहे. कोट्यवधी वर्षांच्या दुष्काळांतून जीवसृष्टी त्या गुणावर तरून आली. परंतु संकटासाठी दिलेली ही सोय रोजची व्यवस्था म्हणून गृहीत धरण्याचा अधिकार कोणत्याही शासनाला नाही. चिचुंद्रीला निदान वसंत मिळतो. अर्धपोटी मुलाचा वसंत अंदाजपत्रकाने ठरतो, आणि तो लांबणीवर टाकला तर पुढे परत येत नाही.